शब्बाथ आणि बंधमोचन : लूक 13:10–17 चे शब्दार्थदृष्ट्या परीक्षण

अठरा वर्षे कंबरेत वाकलेल्या स्त्रीला येशूने शब्बाथ दिवशी बरे केले, ही लूककृत शुभवर्तमानातील कथा 'नियमाविरुद्ध करुणा' अशा विरोधात मांडण्याचा प्रघात आहे. मूळ ग्रीक शब्दयोजना मात्र या अर्थास अनुकूल नाही.

'शब्बाथ' या शब्दाशी संबद्ध हिब्रू धातूचा अर्थ 'थांबणे' असा आहे. या थांबण्याची कारणे बायबलात दोन दिली आहेत. निर्गम 20 मध्ये सृष्टिकर्मानंतरचा ईश्वराचा विसावा हे कारण आहे, तर अनुवाद 5 मध्ये मिसर देशातील दास्यातून झालेली सुटका. लूकची कथा या दुसऱ्या कारणाशी जुळते.

सभास्थानाचा अधिकारी 'बरे करणे' हे क्रियापद योजून ही घटना सहा दिवसांच्या कामांत बसवितो. येशूच्या तोंडी मात्र 'लुओ', म्हणजे 'सोडणे', हा धातू आहे. बैल वा गाढव दावणीचे सोडून पाण्यावर नेणे आणि या स्त्रीला बंधनातून सोडणे, या दोहोंसाठी तोच धातू येतो. स्त्रीला उद्देशून काढलेल्या पहिल्या उद्गारातही त्याचेच उपसर्गयुक्त रूप आहे. शिवाय, काम सहा दिवसांत 'केले पाहिजे' या अधिकाऱ्याच्या वचनातील 'पाहिजे' येशू प्रश्नरूपाने परत करतो : हिला शब्बाथ दिवशी सोडावयास नको होते काय?

अधिकाऱ्याचा आक्षेप पोकळ नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात जिवास धोका असेल तेथे शब्बाथ बाजूस सारण्याची मुभा आहे. परंतु अठरा वर्षांचे दुखणे आणखी एक दिवस थांबू शकले असते. त्याच ग्रंथातील 39 निषिद्ध कर्मांत गाठ सोडण्याचाही अंतर्भाव आहे. म्हणूनच दाव्याचा दृष्टांत मर्मभेदी ठरतो. जनावराची एका दिवसाची तहान जेथे थांबत नाही, तेथे माणसाच्या बंधनाने का थांबावे?

तात्पर्य, येथील आरोग्यदान हा शब्बाथाचा अपवाद नसून त्याच्या हेतूची पूर्ती आहे. जो बांधलेला आहे त्याला थांबण्याचे स्वातंत्र्यच नसते. सुटका ही विश्रांतीची पूर्वअट होय. मराठीतील 'सोडणे' हे क्रियापद गुरांना आणि बंदिवानांना सारखेच लागू पडते. अनुवादकाने दोन्ही स्थळी तेच राखले, तर हा युक्तिवाद मराठी वाचकापर्यंत अखंड पोहोचेल.