कोळशाच्या बादलीतले सिगार

शेरलॉक होम्सचा मी भक्त. पण १८९३ सालची ‘द मस्ग्रेव्ह रिच्युअल’ ही कथा वाचताना भक्ती डळमळते. हा गृहस्थ सिगार ठेवतो कुठे, तर कोळशाच्या बादलीत! म्हणे तंबाखूच्या १४० प्रकारांच्या राखेवर यानं प्रबंध लिहिलाय. अहो, सिगारला साधारण ७० टक्के दमटपणा लागतो; शेगडीपाशी त्याचा पापड व्हायचा! आजचे शौकीन ओलावा राखणारी पुडी टाकून प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशवीत सिगार मुरत ठेवतात, लोणच्यासारखे. सीडरच्या लाकडी पेटीचा रुबाब त्यात नाही, पण पान वाळत नाही. डॉइलनं विक्षिप्तपणा रंगवला झकास, मात्र त्यापायी आपल्या तंबाखूतज्ज्ञाला अडाणी ठरवलं. वॉटसनही कुरकुरतो ती पसाऱ्याबद्दल. सुकणाऱ्या सिगारबद्दल अवाक्षर नाही!