पडद्यावरील अंध गायक : देह कोणाचा, आवाज कोणाचा?

चित्रपट, संगीत आणि दूरचित्रवाणी या माध्यमांतील अपंगत्वाच्या चित्रणाविषयी अलीकडे जी चर्चा होते, ती बहुधा एकाच प्रश्नाभोवती घोटाळत राहते. अपंग व्यक्तीची भूमिका अपंग नटानेच करावी काय, हा तो प्रश्न. प्रश्न रास्त आहे. परंतु तो ज्या स्वरूपात मांडला जातो त्यामुळे अस्सलतेचा सगळा विचार केवळ पात्रनिवडीपाशी येऊन थांबतो. प्रस्तुत लेखात भारतीय चित्रपटातील एकच परिचित प्रतिमा, म्हणजे अंध गायकाची प्रतिमा, विचारासाठी घेतली आहे. ही प्रतिमा निवडण्याचे कारण असे की, तिच्यात देह आणि आवाज या दोन गोष्टी एकत्र येतात, आणि त्या एकाच माणसाच्या असतात की नाही याचा इतिहास आपल्याकडे बराच बोलका आहे.

या इतिहासाचा आरंभ अनपेक्षित ठिकाणी सापडतो. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या चित्रपटांतून कृष्णचंद्र डे अर्थात के. सी. डे (१८९३–१९६२) हे गायक-नट रसिकांसमोर आले. मन्ना डे यांचे हे काका आणि गुरू. कुमारवयातच त्यांची दृष्टी गेली होती. नितीन बोस यांनी १९३५ साली दिग्दर्शित केलेल्या ‘धूप छाँव’ या चित्रपटात त्यांनी अंध गायकाची भूमिका केली आणि स्वतःची गाणी स्वतःच गायिली. म्हणजे ज्या अस्सलतेची मागणी आज आपण नव्याने करीत आहोत, तिचा एक नमुना बोलपटाच्या पहिल्या काही वर्षांतच तयार झाला होता. तो कोणत्याही तत्त्वाच्या आग्रहातून आलेला नव्हता, हे मात्र मान्य केले पाहिजे. त्या काळी पडद्यावर गाणाऱ्याला खरोखरच गाता येणे आवश्यक होते; आणि डे यांच्यासारखा गाणारा दुसरा नव्हता, म्हणून ते कॅमेऱ्यासमोर उभे राहिले.

योगायोग असा की, हिंदी चित्रपटात पार्श्वगायनाचा प्रथम वापर ज्या चित्रपटात झाला असे मानले जाते, तो चित्रपटही ‘धूप छाँव’च होय. या दोन घटना एकाच चित्रपटात घडाव्यात याकडे संगीताच्या इतिहासकारांनी एक मौज म्हणून पाहिले असेल. मला मात्र त्यात प्रस्तुत विषयाचे मूळ दिसते. पार्श्वगायनाने गळा आणि चेहरा यांची फारकत केली. ज्याचा चेहरा पडद्यावर असेल त्याला गाता येण्याची गरज उरली नाही, आणि जो गातो त्याने पडद्यावर दिसण्याचीही गरज उरली नाही. या व्यवस्थेचे लाभ आपण सर्वांनी भरभरून घेतले आहेत. परंतु अंध गायकाला कॅमेऱ्यासमोर आणणारे जे एकमेव व्यावहारिक कारण होते, तेही तिने काढून घेतले. अर्थात सारा दोष तंत्राच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. १९४२ च्या ‘भक्त सूरदास’मध्ये सूरदासाची भूमिका कुंदनलाल सैगल यांनी केली. ते स्वतःच गात असत, आणि डोळस होते. लोकप्रिय नटाचे वलय हे पार्श्वगायनाइतकेच, किंबहुना त्याहून प्रभावी कारण होते.

या फारकतीचा पूर्ण विकसित आविष्कार १९६४ च्या ‘दोस्ती’त आढळतो. राजश्री पिक्चर्सचा, सत्येन बोस दिग्दर्शित हा चित्रपट आमच्या पिढीच्या अनेकांनी डोळे पुसतच पाहिला असेल. त्यातील अंध मोहनचा चेहरा सुधीरकुमार यांचा आणि गळा महंमद रफी यांचा. कुबड्या घेऊन चालणाऱ्या रामूचा चेहरा सुशीलकुमार यांचा, आणि त्याच्या ओठांवरील माउथ ऑर्गनमागचा श्वास राहुलदेव बर्मन यांचा. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या कारकिर्दीला या संगीताने स्थैर्य दिले. या सर्व श्रेयनामावलीत अपंगत्व प्रत्यक्ष जगलेला माणूस प्रेक्षकाला कोठेही दिसत नाही. तरीही हा चित्रपट केवळ अश्रूंचा व्यापार आहे असे म्हणणे मला पटत नाही. मोहनची बहीण मीना परिचारिका आहे. रस्त्यावर गाऊन पैसे मिळविणारा आपला भाऊ तिच्या दृष्टीस पडतो, आणि लाजेपोटी ती ओळख देत नाही. हा प्रसंग अंधत्वाविषयी फारसे काही सांगत नसला तरी डोळस कुटुंबाच्या प्रतिष्ठेविषयी पुष्कळ सांगतो. दुर्दैवाने चित्रपट त्या लाजेचा माग काढीत नाही. तो मोहनच्या क्षमाशीलतेकडे वळतो. अंध माणसाने गावे, त्याग करावा आणि सर्वांना क्षमा करावी, हे त्रैराशिक येथे पक्के झाले. रागावलेला अंध माणूस पडद्यावर येण्यास यानंतर बराच काळ जावा लागला.

दुसरा एक साचा चमत्काराचा. १९७३ च्या ‘झील के उस पार’मध्ये नायिकेची दृष्टी शस्त्रक्रियेने परत येते, तर १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये आईची दृष्टी साईबाबांच्या कृपेने. पहिल्या ठिकाणी डॉक्टर आहे आणि दुसऱ्या ठिकाणी देव, एवढाच भेद. यावर अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. एवढेच नमूद करावेसे वाटते की, मराठीत संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने (२००४) हा मोह टाळला. कर्करोगामुळे डोळे गमावणारे मूल तेथे डोळे गमावूनच घरी परतते, आणि शस्त्रक्रियेच्या आधीचा एक दिवस हाच चित्रपटाचा गाभा ठरतो.

सई परांजपे यांच्या ‘स्पर्श’कडे (१९८०) या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. अनिरुद्ध परमार हा अंध मुलांच्या शाळेचा अंध मुख्याध्यापक. ही भूमिका नसीरुद्दीन शाह या डोळस नटाने केली आणि तिच्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार परांजपे यांना. चित्रीकरण दिल्लीतील अंध मुलांच्या एका प्रत्यक्ष शाळेत झाले आणि तेथील विद्यार्थी पडद्यावर वावरले. केवळ पात्रनिवडीच्या निकषावर हा चित्रपट अर्धाच उत्तीर्ण होईल. परंतु कार्यालयातला कॉफीचा प्रसंग आठवावा. कविता (शबाना आझमी) सहज शिष्टाचार म्हणून कॉफी करण्यास पुढे सरसावते आणि अनिरुद्ध तीव्रतेने तिला अडवतो. घर त्याचे नसले तरी कार्यालय त्याचे आहे, यजमान तो आहे. त्याची चिडचिड काहीशी अवाजवी आहे हेही चित्रपट लपवीत नाही. येथे अंध पात्राला प्रथमच अहंकार मिळाला. चुकण्याचा, दुखावण्याचा आणि दुसऱ्याला दुखावण्याचा अधिकार मिळाला. शिवाय, आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, या चित्रपटात गाणारी व्यक्ती डोळस आहे. कविता गाते, आणि तो आवाज ऐकून अनिरुद्ध तिच्या दारापर्यंत येतो. अंध माणसाने गायचे आणि डोळसांनी हेलावायचे, ही जुनी वाटणी परांजपे यांनी उलटी केली. अंध माणूस येथे रसिक आहे, निवड करणारा आहे.

मग डोळस नटाने केलेली ही भूमिका अस्सल म्हणायची की नाही? माझे उत्तर ‘होय’ असे आहे. पण ते देताना मला संकोचही वाटतो. कारण ‘स्पर्श’चा दाखला आपल्याकडे नेमका उलट्या कामासाठी वापरला जातो. नसीरुद्दीन यांना जमले, तेव्हा अंध नटाची आवश्यकताच काय, असा युक्तिवाद चर्चासत्रांतून मी अनेकदा ऐकला आहे. या युक्तिवादात कलेचा प्रश्न आणि रोजगाराचा प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. उत्तम नट दुसऱ्याचे आयुष्य साकारू शकतो, हे खरे. परंतु अंध नटाला डोळस पात्राची भूमिका कोणी देत नाही, आणि अंध पात्राचीही देत नाही. तेव्हा तो नट होणार कोठे, हा प्रश्न अभिनयसामर्थ्याच्या चर्चेने सुटत नाही.

तो पडद्यामागे मात्र होता, आणि चांगला प्रस्थापित होता. रवींद्र जैन (१९४४–२०१५) हे जन्मांध संगीतकार. ‘चितचोर’ (१९७६) आणि ‘अँखियों के झरोखों से’ (१९७८) यांचे संगीत त्यांचे. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली की रस्ते ओस पडत. त्या मालिकेचे संगीत त्यांचे आणि घराघरांत पोहोचलेला एक प्रमुख आवाजही त्यांचाच. म्हणजे ज्या काळात हिंदी पडदा डोळस नटांना काळे चष्मे चढवीत होता, त्याच काळात एक अंध कलावंत संबंध देशाच्या रविवार सकाळीचे ध्वनिविश्व घडवीत होता. त्यांच्या चालींत कोणी ‘अंधत्व’ शोधले नाही, हे उचितच झाले. पण अंधत्वाची कथा सांगताना अशा माणसाचा कामाचा दिवस कसा असतो, वादकांशी तो कसा बोलतो, चुकलेला सूर कसा पकडतो, हे पाहावे असेही फारसे कोणाला वाटले नाही. १९३५ साली देह आणि आवाज एकत्र होते; १९८७ पर्यंत अंध कलावंताचा आवाज सर्वत्र पोहोचला आणि देह अदृश्य झाला.

पुण्यात घडणारा श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ (२०१८) या परंपरेकडे तिरकसपणे पाहतो. त्यातील पियानोवादक अंध नाहीच. तो अंधत्वाची बतावणी करतो, आणि श्रोते त्याला त्याबद्दल जास्तीचे कौतुक बहाल करतात. आठ दशके आपले नट जे करीत आले तेच हे पात्र उघडपणे करते, असे म्हटले तर ते दिग्दर्शकाला मान्य होईल की नाही कोण जाणे. अंध प्रेक्षकांना हा विनोद कसा वाटला असेल, याची मला उत्सुकता आहे.

विनोदाचा हा प्रश्न न्यायालयापुढेही आला. निपुण मल्होत्रा विरुद्ध सोनी पिक्चर्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी निर्णय दिला. निमित्त होते २०२३ चा ‘आँख मिचोली’ हा चित्रपट. न्यायालयाने अपंगत्वाला हीन लेखणारा विनोद आणि अपंगत्वाची समज वाढविणारा विनोद यांत भेद केला. ‘ग्रस्त’, ‘पीडित’ अशा वळणाची भाषा टाळावी असे सांगितले. आणि आमच्याविषयीचे काहीही आमच्याविना नको, हे अपंगांच्या चळवळीचे तत्त्व माध्यमांनाही लागू केले. शब्दांच्या बाबतीत आपण प्राध्यापक मंडळी तत्परतेने सुधारतो. ‘अपंग’ गेले, ‘विकलांग’ आले, २०१५ नंतर ‘दिव्यांग’ रूढ झाले. आपल्या अहवालांतील रकाने बदलले. या निर्णयातील अवघड भाग शब्दांचा नाही, सहभागाचा आहे. त्या दृष्टीने महेश लिमये यांच्या ‘यलो’त (२०१४) डाउन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळ या जलतरणपटूने स्वतःचीच भूमिका केली, आणि २०२५ च्या ‘सितारे जमीन पर’मध्ये बौद्धिक व विकासात्मक भिन्नता असलेले दहा नवे कलावंत एकत्र आले, या घटना महत्त्वाच्या आहेत. दोन्ही कथा खेळाच्या मैदानावर घडतात, दोन्हींत प्रशिक्षक आहे आणि स्पर्धा आहे. सिद्ध केल्याशिवाय प्रवेश नाही, ही अट काही सुटलेली नाही.

सहभागाचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो मला माझ्या वर्गात कळला. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात ‘स्पर्श’ दाखविला. पहिल्या रांगेत द्वितीय वर्ष कला शाखेची एक अंध विद्यार्थिनी बसली होती. चर्चेत सर्वांनी नसीरुद्दीन यांच्या नजरेचे, हातांचे कौतुक केले. तिने विचारले, “सर, नजरेत त्यांनी नेमकं काय केलं?” मी सांगू लागलो आणि दोन वाक्यांत अडखळलो. अंधत्वावरील चित्रपटातील अंधत्वाचा अभिनय हा संपूर्णपणे डोळस प्रेक्षकासाठी केलेला असतो, ही साधी बाब इतकी वर्षे हा चित्रपट शिकवूनही माझ्या ध्यानात आलेली नव्हती.

केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांसाठी ध्वनिवर्णन आणि उपशीर्षके यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. जुने चित्रपट त्यांच्या कक्षेबाहेरच राहतात. म्हणून पुढील वर्षी ‘दोस्ती’ दाखविताना आम्ही दोन विद्यार्थ्यांकडून दृश्यांचे वर्णन लिहवून घेतले, आणि ते संवादांच्या मधल्या जागांत वाचावयाचे ठरले. तयारीच्या वेळी वाद झाला तो एका वाक्यावरून. मोहन पहिल्यांदा पडद्यावर येतो तेव्हा ‘त्याचे डोळे शून्यात लागलेले आहेत’ असे एकाने लिहिले होते. शून्यात म्हणजे कोठे, असे त्या विद्यार्थिनीने विचारले. बराच ऊहापोह झाल्यावर ते वाक्य काढून टाकण्यात आले, आणि त्याऐवजी त्याच्या हातात काय आहे आणि तो कोणत्या बाजूने चालत येतो, एवढेच लिहिले गेले.