‘मोठ्या संख्येचं चिन्ह द्या’ : एका नियमाची उलटतपासणी

आज जुहूत बसून आपण एका वाक्याची समीक्षा करणार आहोत. कवितेची करतात तशीच, शब्दाला शब्द लावून. वाक्य तुमच्या सगळ्यांच्या तोंडपाठ आहे. ‘चिन्हं सारखी असतील तर बेरीज करा आणि तेच चिन्ह द्या. चिन्हं वेगळी असतील तर मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा आणि मोठ्या संख्येचं चिन्ह द्या.’ वर्गात, शिकवणीत, घरी आईवडिलांकडून, सगळीकडे हेच.

आता हे वाक्य प्रामाणिकपणे पाळू. उणे सात आणि तीन यांची बेरीज करायची आहे. चिन्हं वेगळी आहेत. यात मोठी संख्या कोणती? तीन! संख्यारेषेवर तीन उजवीकडे आहे आणि उजवीकडची संख्या मोठी, हे त्याच मुलाला त्याच धड्यात शिकवलेलं असतं. मग तीनातून उणे सात वजा केले की दहा येतात, आणि मोठ्या संख्येचं चिन्ह अधिक. उत्तर आलं अधिक दहा. खरं उत्तर उणे चार. म्हणजे जो मुलगा नियम अक्षरशः पाळतो तो चुकतो, आणि ‘मोठी म्हणजे चिन्ह झाकून मोठी’ हे जो आपलं आपण ताडतो तो बरोबर येतो. पहिल्याला आपण म्हणतो, ‘याला गणित जमत नाही.’ माझा आक्षेप इथे आहे. मूल चुकलेलं नाही, वाक्य चुकलेलं आहे. म्हणायचं असतं ते ‘शून्यापासून जी जास्त लांब, तिचं चिन्ह’. एवढं बदललं तरी नियम खरा होतो.

पण खरा नियम आणि कळलेला नियम यात फरक आहे. म्हणून थोडं मागे जाऊ. ब्रह्मगुप्तानं 628 मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. त्याच्या अठराव्या अध्यायात धन, ऋण आणि शून्य यांचे नियम आहेत. दोन धनांची बेरीज धन, दोन ऋणांची ऋण, धन आणि ऋण यांची बेरीज म्हणजे त्यांच्यातलं अंतर, आणि दोन्ही सारखी असतील तर शून्य. हे शेवटचं कलम आपण वर्गात घाईघाईत उरकतो. खरं तर सगळा जीव त्यातच आहे. बघा ना, सात रुपये देणं आहे आणि हातात तीन आले. देण्याचे दोन भाग करा, चार आणि तीन. तीनाला तीन फिटले, शून्य झालं. उरलं काय? चार रुपये देणं. वजाबाकी का करायची आणि चिन्ह ऋण का, दोन्ही प्रश्न एकदम सुटले. पाठ करायला काही उरलंच नाही.

आपल्या मराठी मुलखाचं नाव यात आहेच. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’ची, म्हणजे 1150 च्या सुमाराच्या ग्रंथाची, सुरुवातच धन-ऋणांच्या क्रियांपासून होते. त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, चाळीसगावजवळच्या पाटण इथे आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. तिथला शिलालेख आपल्या मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. तर भास्कराचार्य बेरजेला उदाहरण देतात फक्त तीन आणि चार यांचं. दोन्ही धन, दोन्ही ऋण, एक धन एक ऋण आणि उलट. आकडे तेच, बदलतं ते फक्त चिन्ह. याला म्हणतात उदाहरण निवडणं!

आणि ऋण संख्येची त्यांची खूण काय, तर अंकाच्या डोक्यावर टिंब. म्हणजे ऋणपण त्या संख्येलाच चिकटलेलं. आपण मात्र एकच आडवी रेघ दोन कामांना लावली. संख्येचं चिन्हही तेच आणि वजाबाकीची खूणही तीच. गंमत अशी की मराठीत दोन वेगळे शब्द तयार आहेत. संख्या ‘ऋण पाच’ किंवा ‘उणे पाच’, क्रिया ‘वजा’. पण वर्गात दोन्हींना ‘मायनस’. मग गुणाकारातलं ‘मायनस मायनस प्लस’ बेरजेत घुसतं आणि उणे तीन, उणे पाच यांची बेरीज मुलं अधिक आठ लिहितात. दोन देणी मिळून कधी मिळकत होते का हो?

देण्याघेण्याचं उदाहरण कंटाळवाणं वाटत असेल तर इथली चौपाटी घ्या. मुंबईच्या भरतीच्या तक्त्यातलं शून्य सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे अडीच मीटर खाली धरलेलं असतं. समजा ओहोटी अर्ध्या मीटरची आणि भरती साडेचारची. पाणी चार मीटर चढलं. आता शून्य सरासरी पातळीवर आणा. ओहोटी उणे दोन, त्यात चार मिळवले, भरती अधिक दोन. वाळू तीच, पाणी तेच. शून्य हललं म्हणून चिन्ह आलं. ऋण संख्या म्हणजे काहीतरी ‘नसलेलं’ नव्हे, ती शून्याच्या पलीकडची जागा आहे.

एक बाजू मी झाकून ठेवणार नाही. कुठलंही उदाहरण सगळीकडे पुरत नाही. भास्कराचार्यांच्या माकडांच्या गणितात कळपाचा पाचवा भाग घेऊन त्यातून तीन कमी करायचे असतात. समीकरणाची उत्तरं पन्नास आणि पाच. पाच त्यांनी नाकारलं, कारण मग एकातून तीन कमी करताना उणे दोन माकडं येतात आणि ते लोकांना पटत नाही. नियम इतका स्वच्छ मांडणारा माणूससुद्धा इथे थांबला. मग बारा वर्षांचं पोर अडखळलं तर आपण एवढे का चिडतो?

म्हणून एवढंच मागणं आहे. नियम शिकवा, पण शेवटी. आधी बरोबरीची फेड होऊन शून्य कसं होतं ते दाखवा, ‘उणे’ आणि ‘वजा’ वेगळे उच्चारा, आणि ‘मोठी’ हा शब्द जपून वापरा. आता प्रश्न घेऊ या.