‘म्हातारी’ शब्दाचे दोन प्रयोग

देशभाषांच्या उदयाचे श्रेय स्त्रियांच्या अज्ञानाला देण्याची एक रीत वाङ्मयेतिहासात रूढ झाली आहे. पंडितांची भाषा स्त्रियांना वर्ज्य होती; म्हणून त्यांच्याकडून, अथवा त्यांच्यासाठी, लोकभाषेत रचना झाली, असा हा युक्तिवाद. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु तो स्त्रीची जी एकच एक प्रतिमा गृहीत धरतो, ती मूळ साधनांत आढळत नाही.

जपानचे उदाहरण प्रथम घेता येईल. हेइआन काळात राजकारभाराची व विद्वत्तेची भाषा चिनी होती आणि काना लिपीतील लेखनाला ‘स्त्रीचा हात’ अशा अर्थाचे नाव होते. ‘गेंजी’ची कथा लिहिणारी मुरासाकी शिकिबू ही याच लिपीची लेखिका. मात्र भावाचे पाठ ऐकता ऐकता आपण चिनी शिकलो, हे तिने दैनंदिनीत नमूद केले आहे. इतकेच नव्हे, तर सम्राज्ञी शोशीला तिने बाइ जुई या कवीच्या रचना गुपचूप शिकविल्या. तेव्हा ज्ञान नव्हते असे नसून ते दाखविण्याची मुभा नव्हती. उलटपक्षी, की नो त्सुरायुकी या पुरुषाने इ. स. 935 च्या सुमारास आपले प्रवासवृत्त स्त्रीच्या भूमिकेतून काना लिपीत लिहिले. भाषेची वाटणी ही येथे शिष्टाचाराची वाटणी होती.

महानुभावांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे, आणि मराठीच्या अभ्यासकाला अधिक जवळचे आहे. केशोबासांसारखा संस्कृतज्ञ शिष्य संस्कृतात ग्रंथरचना करू इच्छीत असता, त्यायोगे आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील, या कारणास्तव नागदेवाचार्यांनी त्यास परावृत्त केले, असे ‘स्मृतिस्थळा’त सांगितले आहे. या प्रसंगाचा उल्लेख वारंवार होतो, आणि ‘म्हाताऱ्या’ म्हणजे अक्षरशत्रू, भोळ्या वृद्धा असा अर्थ बहुधा न तपासताच घेतला जातो.

तो तपासावयास हवा. ‘लीळाचरित्रा’त हाच शब्द एकवचनी येतो, तो महदाइसेच्या संदर्भात. चक्रधर तिला म्हातारी म्हणतात, आणि तिच्या चर्चकपणाचा व जिज्ञासेचा त्याच ओघात निर्देश करतात. ती सतत काहीतरी विचारीत असते, हे तिचे लक्षण ठरते. या प्रयोगात वयापेक्षा जिव्हाळा अधिक आहे, थोडी थट्टाही आहे. अज्ञान मात्र नाही. पंथाच्या बोलीत ज्या शब्दाने सर्वांत चिकित्सक शिष्येला संबोधिले गेले, त्याच शब्दाचे अनेकवचन नागदेवांच्या तोंडी आल्यावर ते केवळ अडाणी श्रोत्यांचे वाचक कसे व्हावे? महदाइसा नागदेवांच्या नात्यातली. तो प्रयोग त्यांच्या कानावरून गेला नसेल, हे संभवत नाही. यावरून दोन्ही स्थळी अर्थ एकच आहे असे सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु संस्कृतामुळे नुकसान होणार होते ते प्रश्न विचारणाऱ्यांचे, हा अर्थ निदान तितकाच ग्राह्य ठरतो. आणि तसे असेल, तर मराठीचा स्वीकार ही अज्ञानावरची दया न राहता संवाद चालू ठेवण्याची अट बनते.

अर्थात या संवादालाही सीमा होत्या. रजस्वलेचा विटाळ चक्रधरांनी मानला नाही, स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला; परंतु त्यांच्यामागे पंथाचे आचार्यपद आले ते नागदेवांकडे. महदाइसेची कवयित्री म्हणून ओळख झाली तीही विवाहगीतांच्या द्वारे. ऋद्धिपुरी गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या हट्टापायी तिने ‘धवळे’ गाइले. विषय रुक्मिणीचा विवाह. हा रचनाप्रकार स्त्रियांच्या मुखी आधीपासूनच होता. तिने त्यातून पंथीय वाङ्मय घडविले, हे तिचे कर्तृत्व. पण प्रश्न विचारणारी महदाइसा आणि धवळे गाणारी महदाइसा या दोहोंपैकी आद्य कवयित्री म्हणून स्मरणात राहिली ती दुसरी. पहिलीला गद्याच्या इतिहासात अजून पुरेशी जागा मिळालेली नाही. वास्तविक ‘लीळाचरित्रा’तील कित्येक लीळांचा उगम शिष्यांच्या, विशेषतः तिच्या, पृच्छेत आहे, त्या गद्याची संवादरूप घडण अभ्यासताना पृच्छकाचा वाटा वगळून चालत नाही.

पुढचा इतिहास मात्र या भाषाधोरणाशी विसंगत झाला. चौदाव्या शतकात पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडीपर्यंत ते पंथाबाहेरच्या वाचकाला अगम्यच राहिले. भाषा मराठीच होती. किल्ली महंतांपाशी होती. संस्कृत नाकारून ज्या म्हाताऱ्यांसाठी हे दार उघडे ठेवले होते, त्यांच्या वारसदारांपैकी किती जणी ही अक्षरे वाचू शकत होत्या, हा प्रश्न पंथाच्या पोथ्यांच्या लेखक-नामावल्या व स्वामित्वाच्या नोंदी या दृष्टीने चाळल्यावाचून सुटणार नाही.