‘नाउशिका’ : मूळ चित्रकथा आणि अ‍ॅनिमेशनपट – एक तुलनात्मक विचार

प्रस्तावना :

साहित्यकृतीचे माध्यमांतर होते तेव्हा रूपांतर मुळाशी कितपत प्रामाणिक आहे, हा प्रश्न प्रथम उपस्थित केला जातो. मूळ कृती आधी पूर्ण होते आणि रूपांतर नंतर घडते, हे त्यामागील गृहीतक होय. जपानी चित्रकथाकार व दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या ‘वाऱ्याच्या खोऱ्यातील नाउशिका’ या कृतीला मात्र ते लागू पडत नाही. ही चित्रकथा, म्हणजेच मांगा, ‘अ‍ॅनिमेज’ या मासिकात १९८२ ते १९९४ या काळात अधूनमधून खंड पडत प्रसिद्ध झाली व सात खंडांत पूर्ण झाली. त्यावरील चित्रपट मात्र १९८४ मध्येच प्रदर्शित झाला. दोन्हींचा कर्ता एकच आहे. या पार्श्वभूमीवर दोन्ही कृतींतील जीवनदृष्टीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कथानकातील बदल :

महायुद्धाने औद्योगिक संस्कृती नष्ट होऊन हजार वर्षे लोटली आहेत. विषारी वायू सोडणारे बुरशीचे अरण्य पसरत आहे आणि ओमु नावाचे महाकाय कीटक त्याचे रक्षण करीत आहेत. येथपर्यंत दोन्ही कृती समान आहेत. चित्रपटात तोरुमेकियाचे सैन्य खोऱ्यावर आक्रमण करते व नाउशिकाच्या पित्याची हत्या होते. चित्रकथेत पिता आजाराने मरण पावतो आणि नाउशिका जुन्या करारानुसार तोरुमेकियाच्याच बाजूने युद्धावर जाते. चित्रपटातील नायिका अन्यायग्रस्त आहे, तर चित्रकथेतील नायिका युद्धाच्या पापात सहभागी आहे. दोरोक साम्राज्य, जे चित्रकथेच्या मध्यवर्ती भागाचा मोठा विस्तार व्यापते, चित्रपटात नाहीच.

चित्रपटाचे सामर्थ्य :

हा संक्षेप केवळ उणीव मानता येत नाही. तपकिरी शाईत छापलेल्या, बारीक रेषांनी भरलेल्या चौकटी वाचकाला थांबवून ठेवतात. चित्रपट रंग, गती आणि जो हिसाइशी यांचे संगीत यांच्या साहाय्याने उड्डाणाचा व अरण्याच्या भयावह सौंदर्याचा थेट प्रत्यय देतो. अरण्याखालील शुद्ध पाणी व निःशब्द वाळू यांचे दृश्य या दृष्टीने विशेष उल्लेखनीय ठरते.

शेवटातील भेद :

खरा भेद शेवटात आहे. चित्रपटात नाउशिका ओमुंच्या लोंढ्यासमोर प्राण देते, ओमु तिला पुन्हा जिवंत करतात आणि प्राचीन भाकीत खरे ठरते. अरण्य पृथ्वीला शुद्ध करीत आहे, हा दिलासा प्रेक्षकाला मिळतो. मियाझाकी यांनी पुढे स्वतःच या शेवटाविषयी असमाधान व्यक्त केले आहे.

चित्रकथा हा दिलासा काढून घेते. अरण्य हे निसर्गाचे कार्य नसून प्राचीन मानवाने आखलेली शुद्धीकरणाची योजना आहे, असे तेथे उघड होते. आजच्या मानवाचे शरीरही विष सहन होईल असे बदललेले असल्याने शुद्ध झालेल्या जगात तो जगूच शकणार नाही. शुवा येथील समाधिस्थानात भावी, सौम्य मानवजातीची बीजे जपून ठेवलेली आहेत. नाउशिका महायोद्ध्याकरवी ते स्थान नष्ट करते आणि हे सत्य लोकांपासून लपवून ठेवते. चित्रपटात तारणहार असलेली नायिका येथे एका संभाव्य मानवजातीचा संहार करते. शुद्धतेच्या नावाखाली जिवंत, मलिन जीवनाचा बळी देण्यास ती नकार देते, हा या निर्णयाचा आशय होय.

निष्कर्ष :

चित्रपट हा अपूर्ण मुळाचा अन्वयार्थ होता. तो प्रदर्शित झाल्यानंतर पुढील दहा वर्षांत लिहिली गेलेली चित्रकथा ही जणू त्या चित्रपटाची समीक्षाच ठरली. म्हणून येथे मूळ आणि रूपांतर यांचे नाते एकमार्गी नसून संवादाचे आहे. केवळ चित्रपट पाहणाऱ्यास निसर्ग मानवाला क्षमा करील, असा विश्वास मिळतो. चित्रकथेचा वाचक अशा क्षमेची हमी नसतानाही जगण्याची जबाबदारी स्वीकारतो. रूपांतराचे मूल्यमापन करताना निष्ठेच्या निकषाबरोबरच कालक्रम आणि कर्त्याचे बदलते चिंतन यांचाही विचार व्हावयास हवा, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.