‘शुद्ध’ स्पर्धा कोणाची?

दिवाळी सरली की रोह्याच्या कातकरी वाड्या ओस पडतात. घरेच्या घरे वीटभट्टीवर जातात. पेणच्या कॉलेजात त्यांतली एखादीच मुलगी माझ्यासमोर बसते. म्हणून शांती सौंदराजन मला परकी नाही.

तमिळनाडूतल्या वीटभट्टी मजुरांची ही दलित मुलगी २००६ साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचे रौप्यपदक जिंकली. लिंगचाचणी झाली, पदक काढून घेतले.

ट्रान्सजेंडर स्त्रियांच्या खेळण्यावर पांढरपेशे लेखक हिरिरीने लिहितात आणि शांतीलाही त्याच रकान्यात कोंबतात. ती ट्रान्सजेंडर नव्हे. मुलगी म्हणूनच वाढली. पुरुषी वयात येऊन गेलेल्या शरीराला वेगाचा लाभ मिळतो, हा आक्षेप खोटा नाही. २०२३ मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने त्यावरच बंदी घातली. पण ‘शुद्ध स्पर्धा’ हा शब्द? ‘शुद्ध’ आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. नियम करणे वेगळे, एका मुलीचे शरीर चव्हाट्यावर मांडणे वेगळे.

द्युती चंदच्या पाठीशी माणसे उभी राहिली. २०१५ मध्ये क्रीडा लवादाने तिच्या बाजूने तो नियम स्थगित केला. २०१२ मध्ये शांती वीटभट्टीवर मजुरी करीत होती.