‘सांगता येत नाही’ : सार्वमतापूर्वीच्या पाहण्यांतील अनिश्चित मतदार

जनमताच्या पाहणीचे कोष्टक वाचताना वाचकाची दृष्टी पहिल्या दोन आकड्यांवर स्थिरावते आणि तिसऱ्यावरून घसरून जाते. बाजूने इतके, विरुद्ध इतके, आणि उरलेले ‘सांगता येत नाही’ असे म्हणणारे. सर्वसाधारण निवडणुकीपूर्वी या शेवटच्या रकान्याकडे दुर्लक्ष झाले तरी ते फारसे नडत नाही. कारण तेथे मतदाराच्या पाठीशी पक्षनिष्ठेची जुनी सवय असते आणि झालेली चूक पुढच्या निवडणुकीत दुरुस्त करता येते. सार्वमताची गोष्ट निराळी. तेथे प्रश्न बहुधा प्रथमच विचारलेला असतो, मोठे पक्ष त्या प्रश्नावर आतून दुभंगलेले असतात, पर्याय दोनच असतात आणि निर्णय निदान एका पिढीपुरता अखेरचा मानला जातो. अशा वेळी दोन बाजूंतील अंतर दोन-चार टक्के आणि अनिश्चितांचा रकाना दहा-पंधरा टक्के असेल, तर निकाल त्या तिसऱ्या रकान्यातच दडलेला असतो, हे सांगण्यास संख्याशास्त्राची गरज नाही. परंतु या रकान्याचे जे विवरण पाहणीसंस्था, वृत्तपत्रे आणि काही अंशी राज्यशास्त्राचे अभ्यासकही करीत आले आहेत, त्यात एक मूलगामी दोष आहे. अनिश्चितता म्हणजे मताचा अभाव, असे त्यात गृहीत धरलेले असते. ती मताचेच एक रूप असू शकेल, ही शक्यता हिशेबात घेतली जात नाही. ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ रोजी झालेल्या सार्वमताच्या उदाहरणावरून हा दोष विशेष स्पष्ट होतो.

त्या सार्वमतात युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने १,७४,१०,७४२ आणि संघात राहण्याच्या बाजूने १,६१,४१,२४१ मते पडली. टक्केवारीत हे प्रमाण ५१.८९ आणि ४८.११ असे होते. मतदानापूर्वीच्या अखेरच्या पाहण्यांपैकी ओपिनियमने सोडणाऱ्यांना ४५ आणि राहणाऱ्यांना ४४ टक्के दिले होते. टीएनएसने अनुक्रमे ४३ आणि ४१. याउलट पॉप्युलसचे अखेरचे कोष्टक ५५ विरुद्ध ४५ असे राहण्याच्या बाजूचे होते आणि त्यात अनिश्चितांचा रकानाच उरलेला नव्हता. मतदान संपताच रात्री दहा वाजता यूगव्हने जो आकडा जाहीर केला, तोही ५२ विरुद्ध ४८ असा राहण्याच्याच बाजूचा होता. संघ सोडण्याचे प्रमुख पुरस्कर्ते नायजेल फराज यांनी त्याच सुमारास आपली बाजू थोडक्यात हरणार असे दिसते, असे सांगून टाकले. चलनबाजारात पौंड वधारला, आणि काही तासांतच १९८५ नंतरच्या नीचांकाला जाऊन पोचला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या पाहण्यांनी तिसरा रकाना उघडा ठेवला, त्यांचे आकडे अनिर्णीत दिसत होते, आणि देशाची स्थितीही वस्तुतः अनिर्णीतच होती. निश्चिततेचा आभास उत्पन्न झाला तो मुख्यत्वे ज्यांनी तो रकाना मिटवला त्यांच्या कोष्टकांतून, आणि त्याहूनही अधिक, उघड्या रकान्यातील माणसे अखेरीस कोणीकडे जाणार हे आपणास ठाऊक आहे असे मानणाऱ्या भाष्यकारांच्या लेखण्यांतून.

हा रकाना किती मोठा असावा हे मुळात कोण ठरवते? मतदार ठरवतो, असे वाटते. परंतु तसे नाही. २०१६ च्या पूर्वार्धात दूरध्वनीवरून घेतलेल्या पाहण्यांत राहण्याच्या बाजूची आघाडी मोठी दिसे, आणि इंटरनेटद्वारे घेतलेल्या पाहण्यांत दोन्ही बाजू जवळजवळ समतोल दिसत. या तफावतीची अनेक कारणे पुढे आली. नमुन्यात कोणत्या वृत्तीची माणसे सापडतात हे एक कारण होतेच. परंतु दुसरे कारण अगदी साधे होते. संगणकाच्या पडद्यावर ‘ठाऊक नाही’ हा पर्याय इतर दोहोंच्या पंक्तीला लिहिलेला असे. दूरध्वनीवरचा प्रश्नकर्ता तो उच्चारीत नसे, उत्तर देणाऱ्याने आपणहून म्हटले तरच नोंदवून घेई. अर्थात एकच माणूस एका पद्धतीत अनिश्चित ठरे आणि दुसरीत निश्चित. ज्याला शास्त्रीय मोजमाप म्हणावयाचे, त्यात मोजपट्टीच वस्तूची लांबी ठरवू लागली, तर त्या लांबीवरून काढलेल्या अनुमानांना कितपत किंमत द्यावी?

प्रश्नाच्या शब्दयोजनेबाबत मात्र ब्रिटनमध्ये अधिक सावधपणा दाखविला गेला, हे नमूद केले पाहिजे. मूळ विधेयकात युनायटेड किंगडमने संघाचे सदस्य राहावे काय, असा ‘होय–नाही’ स्वरूपाचा प्रश्न होता. त्यात एकाच पर्यायाचा उच्चार असल्यामुळे तो एका बाजूस झुकतो, असा अभिप्राय निवडणूक आयोगाने सप्टेंबर २०१५ मध्ये दिला आणि मतपत्रिकेवर ‘सदस्य राहावे’ व ‘संघ सोडावा’ असे दोन्ही पर्याय लिहिले गेले. मतपत्रिकेच्या शब्दांची जेवढी काळजी घेतली गेली, तेवढी पाहणीच्या तिसऱ्या पर्यायाची घेतली गेली नाही.

आता या रकान्यात कोण माणसे उभी असतात ते पाहू जाता, सामाजिक शास्त्रांनी या प्रश्नाचा विचार केलेलाच नाही असे म्हणता येत नाही. लाझार्सफेल्ड, बेरेल्सन व गोडे यांनी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एरी परगण्यात १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी त्याच त्या मतदारांना महिन्यामागून महिना गाठून जो अभ्यास केला व १९४४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात निर्णय लांबविणारा मतदार प्रामुख्याने दोन प्रकारचा आढळला. एक, ज्याला निवडणुकीत रसच नाही. आणि दुसरा, ज्याला त्याचा वर्ग एकीकडे ओढतो आणि धर्म किंवा शेजार दुसरीकडे. फिलिप कन्व्हर्स यांनी १९६४ च्या निबंधात याहून कठोर निष्कर्ष काढला : अनेक प्रश्नांवर लोकांची उत्तरे काळाच्या ओघात अशी बदलतात, की त्यांच्यामागे मत असे काही नसावेच. या निष्कर्षाची एक बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. जर ठामपणे ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणणाऱ्या पुष्कळांपाशी खरोखर मत नसेल, तर ‘सांगता येत नाही’ म्हणणारा त्यांच्याहून कमी जाणता ठरत नाही; तो केवळ अधिक प्रामाणिक ठरतो. पिएर बुर्दिय यांनी १९७२ च्या एका व्याख्यानात जनमत पाहण्यांच्या गृहीतकांवर जो हल्ला चढविला, त्याचा रोख नेमका येथे होता. निरुत्तर राहिलेल्यांना कोष्टकातून वगळून उरलेल्यांची टक्केवारी काढणे ही किरकोळ हिशेबी सोय नसून, प्रत्येकापाशी मत असतेच आणि विचारलेला प्रश्न विचारण्याजोगा आहे यावर सर्वांचे एकमत आहे, असे गुपचूप मान्य करवून घेणे होय. बुर्दिय यांचे म्हणणे टोकाचे आहे. परंतु सार्वमताच्या बाबतीत त्याची धार अधिक जाणवते, कारण तेथे दोनच उत्तरांचा प्रश्न सत्ताच विचारीत असते.

उदासीन आणि द्विधा यांच्या जोडीला तिसराही एक मतदार आहे : ज्याचे मत ठरलेले आहे, पण जो ते परक्यास सांगू इच्छित नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या अभ्यासकांनी या मंडळींना ‘अबोल’ अशा अर्थाचे नाव दिले आणि त्यांना दोन्ही बाजूंत समप्रमाणात न वाटता बहुतांश ‘नाही’च्या पारड्यात टाकण्याचा प्रघात पाडला. सार्वभौमत्वाच्या चळवळीचा सूर प्रबळ असलेल्या समाजात विरोधक गप्प बसतो, हे त्यामागचे समाजशास्त्रीय निरीक्षण होते. ३० ऑक्टोबर १९९५ च्या सार्वमतात ते खरे ठरले. अखेरच्या पाहण्यांत ‘होय’ पुढे होते. प्रत्यक्षात ‘नाही’ ५०.५८ टक्क्यांनी जिंकले. मतदान ९३ टक्क्यांहून अधिक झाले, आणि दोन्ही बाजूंत ५४,२८८ मतांचे अंतर राहिले. बाद मतपत्रिकांची संख्या या अंतराहून मोठी, ८६ हजारांवर होती. १८ सप्टेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडमध्येही तसेच घडले. त्याच महिन्याच्या आरंभी एका पाहणीत स्वातंत्र्याची बाजू ५१ टक्क्यांवर पोचली होती. निकालात ती ४४.७ वर थांबली. ब्रिटनमधीलच १९७५ च्या सार्वमतात युरोपीय समुदायात राहण्याच्या बाजूने ६७ टक्के मते पडली होती, हेही स्मरणात होते. या अनुभवांतून एक नियम तयार झाला : अनिश्चित मतदार अखेरच्या क्षणी ‘जैसे थे’कडे वळतो.

क्वेबेकमध्ये जे एका विशिष्ट समाजाविषयीचे निरीक्षण होते, त्याचा असा मानवी स्वभावाविषयीचा सिद्धांत बनला. २०१६ मध्ये तो लागू करताना ‘जैसे थे’ म्हणजे काय, हा प्रश्न विचारला गेला नाही. कायद्याच्या दृष्टीने संघात राहणे म्हणजे ‘जैसे थे’ हे खरे. परंतु सोडणाऱ्यांच्या प्रचाराचे मुख्य वाक्य नियंत्रण परत घ्या असे होते, आणि त्यातील सारे बळ ‘परत’ या शब्दात होते. बदलाच्या प्रस्तावाला त्याने पुनःस्थापनेचे रूप दिले. ज्या मतदाराच्या गावातील कारखाना बंद पडला आहे आणि ज्याला आजची स्थिती हीच उलथापालथ वाटते, त्याच्या लेखी ‘जैसे थे’ मागे पडलेले होते, आणि तेथे परत जाण्याचा मार्ग संघाबाहेरून जातो असे त्यास सांगितले जात होते. शिवाय २०१५ च्या निवडणुकीत ६६ टक्के असलेले मतदान या वेळी ७२ टक्क्यांवर गेले. एरवी घरी बसणारे बाहेर पडले, आणि ज्यांचे मतदान संभवत नाही म्हणून पाहणीच्या गणितात ज्यांना कमी वजन दिले जाते, तेही याच वर्गातले. त्यांच्या मौनाला क्वेबेकचा नियम कसा लागू पडावा?

मतदानानंतर लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांनी घेतलेल्या मोठ्या पाहणीत सुमारे एक चतुर्थांश मतदारांनी आपला निर्णय शेवटच्या आठवड्यात झाल्याचे सांगितले. हा आकडा वरचेवर उद्‌धृत केला जातो. तो मतदाराच्या स्वतःविषयीच्या आठवणीवर आधारलेला आहे, एवढे म्हणून तो बाजूस ठेवलेला बरा.

प्रचारकांना मात्र अनिश्चिततेचे मर्म अभ्यासकांच्या आधी कळले असे दिसते. आयर्लंडमध्ये २००८ साली लिस्बन तहावरील सार्वमतात विरोधकांनी ‘ठाऊक नसेल, तर नाही म्हणा’ असा प्रचार केला. १२ जूनला तह ५३.४ टक्के मतांनी फेटाळला गेला. पुढील वर्षी, २ ऑक्टोबर २००९ रोजी, काही आश्वासने मिळाल्यावर तोच तह ६७ टक्क्यांनी संमत झाला. ऑस्ट्रेलियात १४ ऑक्टोबर २०२३ रोजी मूळ रहिवाशांना संसदेपाशी प्रातिनिधिक आवाज देण्याच्या घटनादुरुस्तीवर मतदान झाले, तेव्हा हेच वाक्य पुन्हा ऐकू आले आणि सुमारे ६० टक्के मते विरोधात गेली. तेथे मतदान सक्तीचे आहे. उदासीन मतदारास घरी बसण्याची मुभा नाही. या घोषणेचे वैशिष्ट्य असे, की ती मतदारास काही पटवून देत नाही. त्याच्या न कळण्यालाच ती एक बाजू बहाल करते. आयर्लंडचा अनुभव तर असे सांगतो, की पहिल्या वेळचे ‘नाही’ हे बऱ्याच अंशी लांबणीवर टाकलेले उत्तर होते. ते नकार म्हणून मोजले गेले, कारण मोजण्याचे दुसरे साधन मतपत्रिकेत नव्हते. दुसऱ्यांदा मत विचारणे म्हणजे लोकांवर दडपण आणणे, हा आक्षेप त्या वेळी घेतला गेला आणि तो सर्वस्वी निराधारही नव्हता. परंतु पहिल्या उत्तरात काय काय मिसळले होते याचा निवाडा त्या आक्षेपाने होत नाही.

मराठी वाचकास या विषयातील सर्वांत जवळचे उदाहरण गोव्याचे. ते राष्ट्रीय सार्वमत नव्हते. एका केंद्रशासित प्रदेशाने महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही, एवढ्यापुरते ते होते. परंतु दोन पर्यायांची सक्ती तीच होती. त्यास मराठीत ‘जनमत कौल’ हे नाव पडले, आणि हा शब्द योजणाऱ्यांनी जाणून वा नकळत मोठी अर्थपूर्ण निवड केली. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावण्याची रीत आहे. मूर्तीस चिकटविलेली पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून, यावरून उत्तर ठरते. आणि पाकळी पडलीच नाही, तर देवाने उत्तर दिलेले नाही असे समजून थांबतात किंवा पुन्हा गाऱ्हाणे घालतात. न पडलेल्या पाकळीचे उजव्या-डाव्यांत वाटप करण्याची कल्पना त्या रीतीत नाही.

१६ जानेवारी १९६७ च्या कौलात मात्र पाकळीला पडणे भाग होते. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळे राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. मार्चअखेर झालेल्या विधानसभेच्या निवडणुकीत विलीनीकरणाचा पुरस्कर्ता महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच ३० पैकी १६ जागा जिंकून पुन्हा सत्तेवर आला. त्या पक्षाच्या अनुयायांनीच कौलाच्या दिवशी पक्षाविरुद्ध मत दिले असावे, असे यावरून पुष्कळदा अनुमान केले जाते. जागा म्हणजे मते नव्हेत आणि विरोधकांची मते विभागली जाऊ शकतात. तेव्हा केवळ जागांच्या आकड्यावरून ते अनुमान निघत नाही. गुप्त मतदानानंतर मतदाराच्या मुखी शब्द घालण्याचा हा प्रकार मतदानापूर्वी अनिश्चितांचे वाटप करण्याच्या प्रकाराहून फारसा भिन्न नाही. दोन चिन्हांपैकी कोणतेही चिन्ह ज्यास मनापासून नको होते, ज्यास महाराष्ट्रात जावयाचे नव्हते पण दिल्लीच्या थेट अमलाखालीही राहावयाचे नव्हते, अशा मतदारास त्या दिवशी दोन पानांवर, फुलावर, किंवा बाद झालेल्या सात हजारांवर मतपत्रिकांत आपले स्थान शोधावे लागले. घटकराज्याचा पर्याय त्या मतपत्रिकेवर नव्हता. गोव्याला तो दर्जा ३० मे १९८७ रोजी मिळाला.